बूस्टचा स्क्रू कोण फिरवतं?

कुठलंही इंजिन उघडून परत बसवलं की एक तरी बोल्ट उरतोच. गाडी चालू होते, नीट पळते, आणि हा बोल्ट टेबलावर बसून आपल्याकडे बघत असतो. आमच्या नंदूशेठच्या गॅरेजमध्ये अशा उरलेल्या बोल्टांनी भरलेला तुपाचा डबा आहे. किश्श्यांचंही तसंच होतं. काम संपतं, माणसं घरी जातात, आणि हे मागे उरतात. टाकवत नाहीत, आणि कुठे बसवायचे तेही कळत नाही!

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी प्रकाश. राहायला पेणला, नोकरीला रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला. माझं काम प्रेशर गेज तपासायचं. म्हणजे बावीस वर्षं मी काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढीच नोकरी करतोय. बायको म्हणते, "तुम्ही देवाच्या निरांजनालासुद्धा टिचकी मारून बघाल." मारतो की. त्यात काय!

* * *

रोह्याच्या एका डॉक्टरांनी त्यांची चार दारांची जुनी गाडी नंदूशेठला देऊन टाकली, तिथून सगळं सुरू झालं. नंदूशेठचं गॅरेज पेणला खोपोली रोडला, मागे लागूनच घर. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक दार. शेठच्या डोक्यात एकच गोष्ट: घरगुती गाड्यांच्या शर्यती होतात, दक्षिणेत त्याचे मोठे ट्रॅक आहेत, तिथे आपली पेणची गाडी पळवायची. तीही टर्बो लावून!

टर्बो म्हणजे काय, ते शेठ प्रत्येकाला हात फिरवून समजावत. इंजिनातून फुकट बाहेर जाणारा धूर एक पंखा फिरवतो. तो पंखा दुसरा पंखा फिरवतो. दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. ही कोंबलेली हवा म्हणजे बूस्ट. एक स्क्रू आवळला की बूस्ट वाढतो, सैल केला की कमी. शर्यतीचा नियम एक बार दाबाचा. त्याच्या वर गेलात की बाद, खाली राहिलात की मागे. म्हणून तिथे गेज आलं, आणि गेजबरोबर मी.

पहिल्या दिवशी इंजिन चालू केल्यावर टर्बोने अशी शिटी घातली की शेजाऱ्यांनी तक्रार केली. तासाभरात हवालदार हजर. त्यांनी वाकून सगळे पाइप बघितले, एका पाइपावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा धूर बाहेर सोडायच्या ऐवजी परत इंजिनाकडे नेलाय?"

"व्हय."

"पीयूसीला फसवायला?"

शेठने अर्धा तास दोन्ही पंखे समजावले. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं, डायरीत काहीतरी लिहिलं, आणि निघताना म्हणाले, "धूर लपवणारे मी पुष्कळ बघितले शेठ. पण तो इंजिनालाच खायला घालणारे तुम्हीच पहिले!"

* * *

गाडीचा पुढचा बंपर आणि मागचा पंख फायबरचा करायचा होता. पेणमध्ये फायबरचा साचा करायला माणूस शोधायला लागत नाही. जवळच्याच जोहे गावचे मनोहरकाका आमच्यात आले. काका गणपती करणारे, तिसरी पिढी. आणि माझ्यापेक्षा संशयी माणूस मी आयुष्यात तेवढा एकच बघितला!

त्यांच्या धंद्यात भीती एकच. कोणीतरी मूर्ती विकत नेतो, घरी तिच्यावरून साचा काढतो, आणि पुढच्या वर्षी तीच मूर्ती दुसऱ्याच्या दुकानात मांडलेली. म्हणून काका प्रत्येक साच्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक उंचवटा ठेवतात. कुठे ठेवलाय ते कोणालाच सांगत नाहीत, घरच्यांनाही नाही. मी कारखान्यात पाऊल टाकलं की काका साच्यांवर प्लॅस्टिक ओढत. "तू गेज तपास. साचं तपासू नको!"

साच्याला कोणाचा हात लावून घेत नसत, पण रंगाच्या बाबतीत त्यांचा एका माणसावर भरवसा होता, तो म्हणजे आमची कल्पनावहिनी, नंदूशेठची बायको. गणपतीच्या आधीचे तीन महिने ती रोज एसटीने जोह्याला जायची. पीतांबर रंगवायचे ते तिनेच. काका म्हणत, "हिचा हात कुठं सुरू झाला नि कुठं थांबला, दाखवून द्या मला."

तर हा बंपर घेऊन आम्ही पहिल्या शर्यतीला गेलो. तपासणी करणाऱ्या साहेबांनी बंपरच्या आतून बोटं फिरवली आणि थांबले. दाणा लागला! आत काय लपवलंय? सेन्सर? वायर? चार साहेब जमले, बॅटऱ्या आल्या. शेवटी काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काकांनी पहिला प्रश्न केला, "कुठल्या बाजूला सापडला?"

"डावीकडे, आतून."

मग काका म्हणाले, "आता तो साचा फोडायला पायजे. जागा कळली!"

* * *

आता ड्रायव्हर. हरेश, कल्पनावहिनीचा पाठचा भाऊ. आईबाप लवकर गेले, वहिनीनेच त्याला वाढवला. हरेश आमच्या कंपनीची बस चालवतो, पेण ते रोहा. रात्रपाळी करून आलेली माणसं त्याच्या बसमध्ये झोपतात आणि झोपलेल्यांची मान हललेली त्याला चालत नाही. ब्रेक असा लावतो की बस थांबली हे उतरायच्या वेळी कळतं.

वहिनीची परवानगी त्याने कशी मिळवली, तर म्हणाला, "ताय, तिथं समोरनं कोण येतच नाय! सगळी एकाच बाजूला जातात. आपल्या गोवा हायवेपेक्षा बरा हाय." तिने विचारलं, "किती पळवणार?" हा म्हणाला, "जेवढी बाकीची पळवतात तेवढी." वहिनी काही बोलली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ती बोलली नाही.

पहिल्याच शर्यतीत हरेशने पुढच्या गाडीला ओव्हरटेक करण्याआधी इंडिकेटर दिला! सगळा ट्रॅक हसला. एक फेरी जास्त मारून सगळ्यात पुढची गाडी मागून आली, तर याने खिडकीतून हात काढून "जा बाबा" केलं. शर्यत झाल्यावर साहेबांनी बोलावून विचारलं, तर हा शांतपणे म्हणाला, "मागच्याला कळायला नको?"

नंबर आला नववा. पण एका मोठ्या टीमचे मॅनेजर आमच्या गाडीपाशी आले, गुडघ्यावर बसून चारी टायरांवरून हात फिरवला. बाकीच्यांचे टायर सोलून निघाले होते, आमचे जवळजवळ नव्यासारखे. त्यांनी हरेशला एवढंच सांगितलं, "या हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत पहिल्या तिघांत ये. मग आमच्या गाडीत बसवतो. ही संधी पुढच्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी आम्ही तुझ्याहून लहान माणूस घेऊ."

हरेश तेहतीस वर्षांचा. परत येताना वडखळला चहा घेताना तो म्हणाला, "प्रकाशदादा, एकदाच भेटणार हाय हे. तायला नको सांगू. उगाच जिवाला लावून घेईल."

शेठ, हरेश आणि मी, आम्ही तिघांनी शपथ घेतल्यासारखं गप्प राहायचं ठरवलं. बाईमाणसाला कशाला काळजी!

* * *

पण त्याच शर्यतीत मला संशयाने घेरलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी कासूच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवून मी स्वतः बूस्ट बघितला होता. बरोबर एक बार. मग घरी जेवलो, गाडी ट्रकवर चढवली आणि निघालो. ट्रॅकवर पोचल्यावर आयोजक स्क्रूला तारेचं सील ठोकतात, नंतर हात लावला की बाद. आणि सरावात गेज दाखवतंय पाऊण बार! पाव बार गेला कुठे?

मी ट्रकवाल्याला धरला. "रस्त्यात बॉनेट उघडलंस?"

तो म्हणाला, "साहेब, माझ्या स्वतःच्या ट्रकचा बॉनेट मला उघडत नाय. तुमचा काय उघडणार!"

उत्तर पटण्यासारखं होतं, म्हणून माझा संशय आणखी वाढला.

* * *

दुसऱ्या शर्यतीच्या आधी मी ठरवलं, बूस्ट लावला की स्क्रूवर रंगाचा ठिपका द्यायचा. कोणी स्क्रू फिरवला की रंग फाटणार, चोर सापडणार. साधा रंग बाजारात कोणालाही मिळतो, म्हणून मनोहरकाकांनी खास रंग कालवला. पीतांबराचा पिवळा, त्यात चिमूटभर काव आणि मोत्याची भुकटी. उन्हात सोनेरी दिसायचा, सावलीत हळदीसारखा. काका छाती पुढे काढून म्हणाले, "हा रंग माझ्या कारखान्याच्या बाहेर कोणाला जमणार नाय!"

रंग वाळायला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात आम्ही आत जेवायला बसायचो. जिताडा माशाचं कालवण, तांदळाची भाकरी, मग भात. वहिनी आमच्याबरोबर कधी बसली नाही. भात वाढून झाला की ती उठायची आणि म्हणायची, "गॅरेजचा कुलूप बघून येते." एकदाही चुकली नाही. शेठ अभिमानाने सांगायचे, "आमच्या घरात खरी सावध ही एकटीच."

ट्रॅकवर मी भिंग लावून ठिपका बघितला. अखंड! कुठे चीर नाही, ओरखडा नाही. सरावात गाडी धावली. पाऊण बार!

हरेश सातवा आला. उतरल्यावर हेल्मेट काढून त्याने माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं वाटलं असतं. "सरळ रस्त्यावर सगळी मला सोडून जातात रे दादा," एवढंच म्हणाला. मला त्या रात्री झोप लागली नाही, खरंच सांगतो.

* * *

ठिपका अखंड आणि स्क्रू फिरलेला. मग रंग ज्याला येतो तोच चोर! माझं डोकं गेजसारखं सरळ चालतं. मी जोह्याला गेलो आणि काकांना तोंडावर विचारलं.

काका मूर्तीच्या कानाला पॉलिशपेपर मारत होते. त्यांनी कागद खाली ठेवला. "तू माझ्यावर आळ घेतोस? अरे, मी दाण्याची जागा बायकोला सांगितली नाय, आणि तुझा स्क्रू फिरवायला येऊ?"

त्यानंतर काका दोन महिने गॅरेजकडे फिरकले नाहीत. पण ते दोन महिने गणपतीच्या आधीचे! त्या दिवसांत ते स्वतःच्या सख्ख्या भावाकडेही फिरकत नाहीत. त्यामुळे काका रागावलेत की कामात आहेत, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. वहिनी रोज त्यांच्याकडे जात होती, म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, "रागावलं हायत. पण कामात हायत, म्हणून ध्यानात नाय."

* * *

तिसऱ्या शर्यतीला काका नव्हते. डबीत उरलेल्या रंगाने ठिपका मी माझ्या हाताने दिला. जरा वाकडाच झाला. जेवलो, वहिनी कुलूप बघून आली, आम्ही निघालो. ट्रॅकवर ठिपका अखंड आणि छान गोल. बूस्ट पाऊण बार.

मी काय म्हणालो असेन? "बघा, वाळल्यावर रंग आपोआप गोल होतो!" आज आठवलं की डोकं आपटावंसं वाटतं.

काका तर सुटले. ट्रकवाला आधीच सुटला होता. आता शेठ आणि हरेश दोघंही माझ्या गेजकडे बघायला लागले. शेठने तर गेजला टिचकी मारली. माझ्या गेजला! बावीस वर्षं मी जगाला टिचक्या मारल्या, आणि आता हे?

दुसऱ्या दिवशी गेज डब्यात घालून कंपनीत नेलं, स्टँडर्ड गेजला लावून तपासायला. गेटवर सिक्युरिटीने डबा उघडला. "हे बाहेरून आत कसं आलं? गेज नेहमी आतून बाहेर जातात!" माझ्याच डिपार्टमेंटच्या दारात मला पाऊण तास उभं केलं. साहेब येऊन सोडवून घेऊन गेले.

गेज अचूक निघालं. मी पेणला येऊन सर्वांसमोर सांगितलं, "गेज बरोबर आहे. चोर आपल्यातला आहे!"

वहिनी चहा देत होती. म्हणाली, "चहात साखर कमी झाली का ओ भाऊजी?"

* * *

शेवटची शर्यत. गणपती होऊन गेले होते, काका परत आले होते. माझ्याशी बोलत नव्हते, पण रंग कालवून आणला होता. कासूला गाडी पळवली, एक बार. ठिपका दिला. या वेळी मी जाहीर केलं की जेवणानंतर गाडी ट्रकवर चढेपर्यंत मी तिच्यापाशी पहारा देणार. जेवणाच्या वेळी का नाही, असं कोणी विचारलं नाही. जिताड्याचा वास यायला लागला होता.

वहिनीने भात वाढला, कुलूप बघून आली. परत वाढायला वाकली, तर हरेश ताटातला हात तसाच ठेवून बसलेला.

"काय रं? बरा नाय का?"

आणि हरेशला राहवलं नाही. त्याने सगळं सांगितलं. मॅनेजर, टायर, पहिले तीन. "ताय, ह्या टायमाला नाय झाला तर संपला गो. मग आयुष्यभर झोपलेली माणसं न्यायची." डोळे भरून आले त्याचे. आमचेही आले, खोटं कशाला बोलू!

वहिनीच्या हातात भाताचा चमचा तसाच राहिला. "मला हे कोणी सांगितला कसा नाय?" तिने एकेकाकडे बघितलं. आम्ही तिघांनी ताटात बघितलं. ती उठली.

"आता कुठे?" शेठने विचारलं.

"कुलूप बघून येते."

त्या दिवशी वहिनी कुलूप बघायला दोनदा गेली. आली तेव्हा पदराला हात पुसत होती. म्हणाली, "मी पण येणार हाय शर्यतीला."

ट्रॅकवर सरावात काटा वर चढला आणि बरोबर एक बारवर उभा राहिला. मी ओरडलो! सगळ्यांना मिठ्या मारल्या, काकांनाही. "बघा, मी पहारा दिला म्हणून!" काका म्हणाले, "व्हय बाबा, तू दिलास म्हणून," आणि आमचं बोलणं सुरू झालं.

वहिनी पूर्ण शर्यत कठड्याला धरून उभी होती, डोळे मिटून. हरेश दुसरा आला. एकदाही इंडिकेटर न देता!

* * *

हरेश आता मोठ्या टीमच्या गाडीत बसतो. दिवाळीला आला तो भाऊबीजेसाठी, आणि स्वतःला एक सेकंड-हँड मोटरसायकल घेऊन आला. चार दिवसांनी ती ढकलत गॅरेजमध्ये आणली. मी आणि मनोहरकाका तिथेच बसलेलो.

"प्रकाशदादा, ही चाळीसच्या वर जातच नाय! ॲक्सिलरेटरची केबल सैल वाटते. मी दोन वेळा टाइट केली. तायकडे जेवायला येतो, जेवून उठतो, तर परत सैल! तूच बघ काय ता."

मी बसलो. हँडलपाशी केबलचा नट असतो, तो वाकून बघितला. नट चांगला चार आटे मागे घेतलेला. आणि त्याच्यावर रंगाचा एक ठिपका. छान गोल. मी गाडी थोडी उन्हात ओढली, तर सोनेरी दिसला. परत सावलीत घेतली, तर हळदीसारखा.

काका माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं.

मधल्या दारातून वहिनी फराळाच्या ताटल्या घेऊन आली. "झाली का ओ भाऊजी दुरुस्त?"

मी पाना डब्यात ठेवला आणि हात पुसले.

"केबल बरोबर आहे हरेश," मी म्हणालो. "गाडीच तशी आहे. हिला चाळीस पुरे."

"मी पण तेच बोलतो," काका म्हणाले.

वहिनीने आमच्या दोघांच्या ताटल्यांत एकेक करंजी जास्त ठेवली.